बायकांच्या बाजूला ऐकू येतंय का

तिसगावच्या सहादेव भिंगारदिवे यांच्या घरातला सेंटर स्पीकर अखेर बरोबर जागी बसला, आवाज भिंतीवरच्या माणसांच्या थेट तोंडातून यायला लागला, आणि तो ऐकायला भागिरथीबाई आल्या नाहीत.

हे मी बोललो नाही. तुम्ही वाचलं नाही. अजून काहीही झालेलं नाही. १९९८ सालचा एप्रिल चालू आहे, स्पीकर खोक्यात आहे, खोकं माझ्या मांडीवर आहे आणि मी नगर-पाथर्डी एसटीत खिडकीशी बसलोय. भागिरथीबाई यायच्या आहेत.

करंजीचा घाट संपल्यावर कंडक्टरने खोक्यावर टिचकी मारली आणि आत काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, स्पीकर. तो म्हणाला, मग वाजवा की, रस्ता कटेल. मी म्हटलं, हा एकटा वाजत नाही. त्याने लगेजचं तिकीट फाडून हातात दिलं. एकटा न वाजणाऱ्या सामानासाठी महामंडळाकडे वेगळा दर नव्हता.

सहादेवनानांना मी तेव्हा दुसऱ्यांदाच भेटत होतो. नगरला मिलिटरीच्या वर्कशॉपात तीस-बत्तीस वर्षं गाड्यांची इंजिनं उतरवून ते रिटायर झाले आणि गावी येऊन राहिले. गावी राहायचं हे नवरा-बायको दोघांनी मिळून ठरवलेलं होतं. फक्त पिंपरीला मुलाला मुलगी झाली, तेव्हा भागिरथीबाई सव्वा महिन्यासाठी तिकडे गेल्या. त्या सव्वा महिन्याला आता पाचवं वर्ष लागलं होतं. भांडण वगैरे काही नव्हतं. मुलगा सम्राट कंपनीत, सून माधुरी दुसऱ्या कंपनीत, पोरीला सांभाळायला आजी. सगळं इतकं रीतसर होतं की तक्रार कोणाकडे करायची हाच प्रश्न होता.

मग नानांनी प्रोजेक्टर आणला. नगरमधलं एक व्हिडिओ थिएटर केबलवाल्यांमुळे बंद पडलं, त्याचं सामान निघालं, त्यात हा होता. पुढे तीन भिंगं, लाल, हिरवं आणि निळं, आणि वजन वासराएवढं. त्याच्यासोबत पाच स्पीकरचा ॲम्प्लिफायर लागतो हे त्यांना आमच्या दुकानात कोणीतरी सांगितलं. सांगणारा मीच होतो.

पाच स्पीकर म्हणजे दोन पुढे, दोन मागे आणि एक मध्ये. चौघांकडे घोडे, वादळ, लाठीमार आणि गाणी असतात. मधला फक्त बोलतो. सिनेमातली माणसं जे काही एकमेकांना सांगतात ते सगळं त्याच्या एकट्याच्या गळ्यातून येतं. म्हणून त्याची जागा महत्त्वाची. त्याला कोपऱ्यात ठेवला तर नायिका पडद्यावर रडते आणि आवाज मात्र शेजारच्या फडताळातून येतो.

ह्याच्यात एक गोम आहे. समोर अगदी मधोमध एकटंच माणूस बसलं, तर मधल्या स्पीकरची गरजच नसते. डावा आणि उजवा मिळून आवाज बरोबर मध्ये उभा करतात आणि कानाला वाटतं, बोलणारा समोरच आहे. मधला स्पीकर हवा तो कडेला बसणाऱ्यांसाठी. म्हणजे घरात माणसं असतील तरच. एकट्या राहणाऱ्या माणसाने सेंटर स्पीकर मागितला की प्रामाणिक मिस्त्रीने हे सांगायला हवं. मी डिप्लोमा केलेला असल्यामुळे मिस्त्री नव्हतो, म्हणून सांगितलं नव्हतं. नाना मला पहिल्या दिवसापासून मिस्त्रीच म्हणत होते.

खोली नानांनी आधीच तयार करून ठेवली होती. खिडक्यांना बारदान, बारदानावर काळा कागद, पूर्वेच्या भिंतीला पांढऱ्याचे पाच हात. संध्याकाळी गावात व्होल्टेज इतकं पडायचं की पंख्याची पाती मोजता यायची, त्यामुळे आमचं काम भर दुपारी चालायचं. एप्रिलमधल्या दुपारी बंद खोलीत तीन भिंगांचा प्रोजेक्टर लावून बसलं की माणूस आणि भाकरी यात फार फरक राहत नाही.

मधोमध प्रोजेक्टर स्टुलावर होता. त्याच्यापासून पडद्याच्या भिंतीपर्यंत नानांनी एक दोरी ताणली होती. दोरीच्या डाव्या बाजूला सतरंजी आणि तक्क्या, उजव्या बाजूला दोन खुर्च्या. मला वाटलं मापासाठी दोरी लावलीय. मी सोडायला गेलो तर नाना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. डावीकडं बायका, उजवीकडं मानसं."

मी विचारलं, घरातल्या घरात?

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या लग्नानंतर दरसाली जत्रेत तंबूची टॉकीज यायची. तंबूत मधून दोरी, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. नवरा-बायको बरोबर जायचे, दारात वेगळे व्हायचे आणि सुटल्यावर उसाच्या गुऱ्हाळापाशी पुन्हा भेटायचे. तंबूत एकच भोंगा होता आणि तो पुरुषांच्या बाजूला. बायकांच्या बाजूला पोरं रडत, शेंगा फुटत, आणि बोलणं असं काही कळत नसे. भागिरथीबाईंना दिसायचं सगळं, ऐकू यायचं निम्मं. मग घरी येताना सगळी वाट नाना त्यांना डायलॉग सांगत यायचे. कोण कोणाला काय म्हणालं, का म्हणालं. "कवा कवा मी माझ्या मनचंच सांगायचो," ते म्हणाले. "तिला सिनेमा आवडायचा त्यो निम्मा माझाच हुता."

मग ते स्पीकरच्या खोक्याकडे बघून म्हणाले, "आता तिच्या बाजूला बी समदं ऐकू आलं पायजे. बुद्धपौर्णिमेला येनार हायेत समदी. एकदा इथं बसली, ऐकलं, की मग न्हाई जायाची परत."

मी दोरीकडे बघितलं. मधली जागा, जिथे आवाज सगळ्यात चांगला, ती कोणासाठीच नव्हती. मी सुचवलं की नाना, तुम्ही निदान एकटे असताना तरी मध्ये बसत जा. नानांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना इंजिनात ऊस घालायला सांगतोय.

"मधी कोन बसतंय? मधून वाट असती."

म्हणजे ह्या घरात माणूस एक होतं आणि तेही कडेला बसणारं. सेंटर स्पीकरची गरज सिद्ध झाली. माझी सदसद्विवेकबुद्धी तिथल्या तिथे मोकळी झाली.

आता जागा. पडद्याच्या वर ठेवावा तर वर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी. त्यांच्या डोक्यावर खोकं चढवायचं नाही, हे मला सांगावं लागलं नाही. तसबिरींच्या खाली ठेवावा तर तिथे मेणबत्त्यांची फळी, आणि ती हलायची नाही, हे सांगावं लागलं. पडद्यामागे ठेवावा तर पडदा म्हणजे भिंत. भिंत फोडली तर पलीकडे शेजारच्या रतनबाईंचं स्वयंपाकघर. मी अंदाज म्हणून विचारून आलो. रतनबाई म्हणाल्या की भोक पाडा, पण मग वाटीभर साखर त्यातूनच देत जा. शिवाय आमच्याकडं केबल हाय, तवा भिताडातनं आवाज आमाला नको.

उरली खालची जागा. पडद्याखाली बरोबर मधोमध एक पत्र्याची ट्रंक होती. हिरवी, वर फुलाफुलांचं कापड. तिच्या उंचीवर स्पीकर ठेवून तोंड थोडं वर उचललं, की आवाज पडद्यावरच्या माणसांच्या हनुवटीपर्यंत जात होता. हनुवटीपासून तोंडापर्यंतचं अंतर कान आपल्या मनाने भरून काढतो. ट्रंक भागिरथीबाईंची होती. स्पीकर वर ठेवायला नानांची हरकत नव्हती. फक्त ट्रंक जागची हलायला नको, कारण भागिरथीबाई आल्यावर त्यांना सगळं जिथल्या तिथे सापडलं पाहिजे.

मग चाचणी सुरू झाली. मी कॅसेट लावली, कोर्टाची, कारण कोर्टात सगळे फार बोलतात. नाना म्हणाले, आता एकेकाच्या जागी बसून बघा.

मी पहिल्या खुर्चीत बसलो. ती सम्राटची. नाना प्रोजेक्टरपाशी उभे राहून म्हणाले, "कंपनीत रजा टाकली का?"

मी आजूबाजूला पाहिलं. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "बघतो."

"बघतो म्हनू नगं. टाकली का न्हाई?"

"टाकतो, नाना."

ते समाधानाने पुढे सरकले. सतरंजीच्या कडेला माधुरी. तिथे बसल्यावर मला अजिबात बोलावं लागलं नाही; नाना सुनेशी फार बोलत नसावेत. मग सर्वांत पुढे, जमिनीवर स्नेहल. नात. नानांनी दाराच्या चौकटीवर तिच्या कानाची उंची खिळ्याने कोरून ठेवली होती, बसलेली आणि उभी. पण ती मागच्या दिवाळीची. मी म्हटलं, ह्या वयात पोरं सहा महिन्यात दोन-तीन इंच वाढतात. नानांनी बराच वेळ त्या खुणेकडे पाहिलं. मग त्यांनी खिळा घेऊन अंदाजाने आणखी एक रेघ वर मारली, मग ती पुसायचा प्रयत्न केला, आणि खिळ्याची रेघ पुसत नाही म्हणून तशीच ठेवली.

मग मी भागिरथीबाईंच्या जागी बसलो. तक्क्याला टेकून, दोरीपासून अडीच फुटांवर. नाना उजवीकडे आपल्या खुर्चीत जाऊन बसले. दोरी मध्ये. पडद्यावर न्यायाधीश निकाल वाचत होते. नानांनी माझ्याकडे बघितलं नाही. पडद्याकडे बघतच हळू विचारलं, "येतंय का?"

आवाज येत होता. पण न्यायाधीशांचा गळा जाड, आणि त्यांनी प्रत्येक शब्द उच्चारला की त्याच्याबरोबर ट्रंकेचा पत्रा थरथरत होता. झर्रर्र. ते म्हणायचे, गुन्हा सिद्ध, ट्रंक म्हणायची झर्रर्र. मी म्हटलं, येतंय, पण ट्रंक साथ करतेय.

स्पीकरखाली रबर ठेवलं, जुनी टायरट्यूब ठेवली, घडी करून पोतं ठेवलं. ट्रंक थांबली नाही. भरलेली ट्रंक कधी वाजत नाही. रिकामा पत्राच आवाज देतो. पोटात कपडे असले की तो गप्प बसतो. म्हणून मी म्हटलं, आत काय आहे ते बघू, नीट दाबून बसवू.

नाना म्हणाले, साड्या आहेत तिच्या, भरलेली आहे.

मी झाकण उघडलं. आत डांबराच्या तीन गोळ्या, एक पांढरी साडी आणि सुईदोऱ्याचा डबा होता. बाकी तळाला अंथरलेलं वर्तमानपत्र स्वच्छ दिसत होतं. त्यातली एक जाहिरातही वाचता आली.

नाना वाकून आत बघत राहिले. दिवाळीला, चौदा एप्रिलला, कधी कोणाच्या लग्नाला म्हणून भागिरथीबाई दोन-चार दिवस यायच्या आणि जाताना पिशवीत दोन साड्या, एखादं स्वेटर, एखादं लुगडं असं न्यायच्या. त्या निघाल्या की नानांनी प्रत्येक वेळी पिशवी स्टँडपर्यंत स्वतः नेली होती. नऊ-दहा पिशव्या झाल्या असतील. पिशवी दिसते, पण ट्रंक कमी होताना दिसत नाही, कारण ती बंद असते.

मी सुचवलं की आत बाजरीचं अर्धं पोतं ठेवू. किंवा गोधड्या. नानांनी झाकण लावलं.

"तिची हाय. पुनवंला आली की तीच भरंल."

म्हणून मी परत गेलो. काम अपुरं, कारण ट्रंक रिकामी. पौर्णिमेला येऊन शेवटची चाचणी करायची ठरली. सगळ्यांच्या कानांसमोर.

पौर्णिमेला मी सकाळच्या गाडीने आलो. नाना पांढऱ्या सदऱ्यात होते. विहारातली वंदना करून आले होते आणि त्यांनी स्वतः खीर केली होती, पाच माणसं आणि शेजार धरून. दार उघडं, सतरंजी झटकलेली, दोरी नव्याने ताणलेली. अकराच्या गाडीला कोणी उतरलं नाही. साडेबाराच्या गाडीला रतनबाईंचे जावई उतरले, आणि त्यांना नानांनी असं न्याहाळलं की ते बिचारे पिशवी लपवून चालायला लागले. मग स्टँडवरच्या फोनबूथचा बन्सी स्वतः सांगायला आला: पिंपरीचा फोन आलता, पुन्हा लावनार हायेत, चला.

मी सोबत गेलो. काचेच्या खोक्यात नाना, बाहेर मी आणि बन्सी. आधी सम्राट बोलला असावा, कारण नाना फक्त "बरं" म्हणत होते. स्नेहलच्या शाळेचा प्रवेश, माधुरीची कंपनीतली पाळी बदललेली, रजा नामंजूर. बन्सीने मला हे सगळं आधीच सांगितलं होतं. त्याच्याकडे बातमी नेहमी मूळ माणसाच्या आधी पोचायची. मग भागिरथीबाई आल्या असाव्यात, कारण नाना सरळ उभे राहिले.

त्यांनी जेवण, टँकर आणि गुडघ्याची चौकशी सहन केली. मग त्यांनी सेंटर स्पीकर समजावून सांगितला. चार स्पीकर काय करतात, मधला काय करतो, कडेच्या माणसाला त्याचा फायदा काय. मी त्यांना सांगितलं होतं त्यापेक्षा फार चांगलं सांगितलं. भोंगा आता दोघांच्या मध्ये आहे असंही म्हणाले. पलीकडून काहीतरी उत्तर आलं. ते त्यांनी मला परत येताना वाटेत सांगितलं, विचारलं नसताना.

"ती म्हनली, तुमीच या की हिकडं. एवढा मोठा टीव्ही हाय सम्राटचा."

"मग?"

"मग काय. मी म्हनलं, बघतो."

घरी आल्यावर ते कोपऱ्यातल्या खुंट्यांपाशी गेले. वर्कशॉपचे खाकी शर्ट, दोन पँटी, लोकरीची बंडी, टेरिकॉटचा एकच कोट, धोतरं, टॉवेल. एकेक काढून घडी करायला लागले. मी मदत करू का म्हटलं तर नको म्हणाले. पांढरी साडी त्यांनी वर काढली, तळाला आपले कपडे गच्च बसवले, मग साडी सगळ्यांत वर ठेवली, डांबराच्या गोळ्या चारी बाजूंना सरकवल्या. तीन होत्या, चौथ्या कोपऱ्यात सुईदोऱ्याचा डबा ठेवला. झाकण गुडघ्याने दाबून लावलं.

मी स्पीकर वर ठेवला. न्यायाधीश पुन्हा निकाल वाचायला बसले. ट्रंक गप्प. इतका स्वच्छ आवाज मी आमच्या दुकानातसुद्धा ऐकलेला नव्हता. पडद्यावरचा माणूस ओठ हलवत होता आणि शब्द त्याच्या ओठांतूनच निघत होते.

माझ्या तोंडून गेलं, "नाना, ट्रंक भरलीच आहे तुमच्या कपड्यांनी. अशीच उचला आणि संध्याकाळच्या गाडीने पिंपरीला जा."

ते उजव्या बाजूच्या खुर्चीत बसले होते. थोडा वेळ त्यांनी ते खरंच मनात तोलून बघितलं असावं, कारण त्यांची नजर ट्रंकेच्या कड्यांवर गेली. मग म्हणाले, "आन मग हिथं ऐकायचं कोनी?"



मी डाव्या बाजूला जाऊन बसलो. कोणाच्या तरी जागी नाही, नुसताच. सिनेमा संपेपर्यंत आम्ही दोघं दोरीच्या दोन बाजूंना घाम पुसत बसलो. रतनबाई एकदा दारात येऊन गेल्या. काळोखात दोन माणसं इतक्या लांब लांब बसलेली बघून त्यांना भांडण झालंय असं वाटलं आणि त्यांनी आवाज न करता दार ओढून घेतलं. मध्यंतरात मी चार वाट्या खीर खाल्ली, म्हणजे सम्राट, माधुरी, स्नेहल आणि माझी. पाचवी वाटी नानांनी झाकून फळीवर ठेवली. मलाही नगरला कोणी वाट बघणारं नव्हतं, पण तो विषय कामाचा नव्हता, म्हणून काढला नाही.

निघताना त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, मिस्त्री, काम चोख झालं.

आमचे मालक गहिनीनाथशेठ दुकान काढण्याआधी एका सरकारी कचेरीत कारकून होते. कचेरी सुटली तरी नमुने सुटले नाहीत. प्रत्येक कामानंतर आम्हाला एक छापील अहवाल तीन प्रतींत भरावा लागतो. एक प्रत फायलीला, एक प्रत शेठना, आणि तिसरी कोणाला हे शेठनाही माहीत नाही. परतीच्या एसटीत मी तो मांडीवर घेऊन भरला. काम पूर्ण झाले काय: होय. आवाज: स्पष्ट. ग्राहकाचे समाधान: रकाना लहान आहे. शेवटी "वरिष्ठांकडे मागणी असल्यास" म्हणून चार ओळी असतात. त्या आजवर कोणी भरलेल्या नाहीत. मी भरल्या:

"वरील ठिकाणी ध्वनिक्षेपक क्रमांक तीन (मधला) योग्य जागी बसविण्यात आला असून तो मुख्यत्वे डाव्या बाजूस बसणाऱ्यांच्या सोयीसाठी आहे. सध्या डाव्या बाजूस कोणीही बसत नसल्याने त्याचा पूर्ण क्षमतेने वापर होत नाही. तरी मेहेरबान साहेबांनी सदर खोलीच्या डाव्या बाजूस, दोरीपासून अडीच फूट अंतरावर, एक पत्नी (मूळचीच, पर्यायी चालणार नाही) कायमस्वरूपी मंजूर करावी, तिला पिंपरी येथून तत्काळ कार्यमुक्त करून मौजे तिसगाव येथे रुजू होण्याचे आदेश व्हावेत, आणि केलेल्या कार्यवाहीचा अहवाल उलट टपाली पाठवावा, ही नम्र विनंती."